खेळ वाहून नेणारी माणसं

१८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावच्या एका व्यायामशाळेत अठरा तरुणांना नऊ-नऊच्या दोन संघांत विभागलं गेलं. एका संघाचा कर्णधार होता यूजीन लिबी आणि दुसऱ्याचा डंकन पॅटन. सज्जाच्या दोन टोकांना पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकलेल्या होत्या, हाती फुटबॉल होता आणि भिंतीवर टंकलेखन केलेले तेरा नियम लावलेले होते. बास्केटबॉलचा हा पहिलाच सामना. त्यात चेंडू एकदाच टोपलीत पडला. विल्यम चेस नावाच्या विद्यार्थ्याने तो टाकला आणि सामना १-० असा संपला.

त्या दिवशीचे हे दोन आकडे, तेरा नियम आणि एक गोल, जगभरच्या पुस्तकांत आहेत. पॅटनचं पुढे काय झालं हे मात्र क्वचितच कोणी सांगतं. तो कॅनडाचा. शिक्षण संपवून तो कामाला लागला आणि १८९४ मध्ये त्याने हा खेळ भारतात आणला. खेळ जन्मून पुरती तीन वर्षंही झाली नव्हती, आणि पहिल्या सामन्याचा एक कर्णधार आपल्या देशात तो शिकवायला पोहोचला होता. महाविद्यालयात बास्केटबॉल खेळायचं आणि मग तोच खेळ दुसऱ्यांना शिकवायचा, हा आज जगभर रुळलेला जीवनक्रम आहे. त्याचं अगदी पहिल्या पिढीतलं उदाहरण थेट भारताशी जोडलेलं आहे. वऱ्हाडातल्या, बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातल्या क्रीडाप्रेमींनी हा धागा हाती घ्यावा, कारण तो अमरावतीवरून आपल्या दारापर्यंत येतो.

चौदा दिवसांची मुदत

पॅटन ज्या संस्थेत शिकत होता ती नेहमीच्या अर्थाने महाविद्यालय नव्हती. यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन, म्हणजे वायएमसीए, या संघटनेच्या शाखा तेव्हा गावोगावी निघत होत्या. त्या चालवायला कार्यवाह आणि व्यायामशिक्षक लागत, आणि ते तयार करण्याची ही शाळा होती. वर्गातले बहुतेक विद्यार्थी विशीतले, अंगापिंडाने भरलेले तरुण होते. उन्हाळ्यात मैदानी खेळांत त्यांचा जीव रमे. हिवाळ्यात बाहेर बर्फ पडे आणि आत डंबेल्स, कवायत, उड्या यांना ते कंटाळून जात. दोन शिक्षकांनी त्या वर्गापुढे हात टेकले होते. मग विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी तो वर्ग जेम्स नाइस्मिथ या तरुण शिक्षकाकडे दिला आणि चौदा दिवसांत काहीतरी नवा खेळ शोधून काढायला सांगितलं.

नाइस्मिथही कॅनडाचेच. त्यांनी आधी फुटबॉल आणि लॅक्रॉस घरात खेळवून पाहिले. पोरं जखमी झाली आणि काचांवर संकट आलं. तेव्हा त्यांनी खेळाचं गणित पायापासून मांडलं. धक्काबुक्की का होते? चेंडू घेऊन माणूस पळतो आणि त्याला अडवावं लागतं म्हणून. मग चेंडू हातात घेऊन पळायलाच बंदी घालायची. चेंडू जोरात का मारला जातो? गोल समोर उभा असतो म्हणून. मग गोल आडवा करून डोक्याच्या वर न्यायचा, म्हणजे ताकदीपेक्षा नेम महत्त्वाचा ठरेल. इथे त्यांना लहानपणचा एक खेळ आठवला. मोठ्या दगडावर छोटा दगड ठेवायचा आणि लांबून दगड फेकून तो पाडायचा. आपल्या लगोरीच्याच जातकुळीतला हा खेळ. त्यात जोरात फेकणाऱ्यापेक्षा अलगद, कमानीत फेकणारा जास्त वेळा जिंकतो, हे त्यांच्या ध्यानात राहिलं होतं.

शाळेच्या शिपायाकडे त्यांनी दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पीचच्या टोपल्या होत्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. तो कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता आणि आजही जगभर रिंगची उंची तेवढीच आहे.

खेळ इतक्या वेगाने पसरला याचं कारण नियमांच्या साधेपणात आहे तसंच त्या अठरा जणांच्या पुढच्या व्यवसायातही आहे. ते सगळे उद्याचे शिक्षक होते. नाताळच्या सुटीत ते आपापल्या गावी गेले आणि तिथल्या वायएमसीएत हा खेळ लावून आले. जानेवारी १८९२ मध्ये नियम शाळेच्या ‘ट्रायँगल’ या पत्रात छापून आले आणि टपालाने सगळ्या शाखांत गेले. त्या अठरांत गेन्झाबुरो इशिकावा नावाचा जपानी विद्यार्थीही होता. एखादा खेळ राजाश्रयाने पसरतो, एखादा सैन्याबरोबर जातो. क्रिकेट आपल्याकडे गोऱ्या पलटणींबरोबर आणि जिमखान्यांतून आलं. बास्केटबॉल आला तो शिक्षकांच्या सामानातून. खेळणारा आणि शिकवणारा एकच असणं हे त्याच्या जन्मातच होतं.

‘हा खेळ शिकवायचा नसतो’

यात एक विसंगती आहे. खेळ निर्माण करणाऱ्या नाइस्मिथना प्रशिक्षक ही कल्पनाच फारशी पटत नव्हती. १८९८ मध्ये, वैद्यकीय पदवी घेऊन, ते कॅन्सस विद्यापीठात रुजू झाले. तिथे त्यांनी बास्केटबॉलचा संघ उभा केला आणि १९०७ पर्यंत सांभाळला. त्या काळात संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. कॅन्सस विद्यापीठाच्या इतिहासात हरण्याचा आकडा जिंकण्याहून मोठा असलेले ते एकमेव प्रशिक्षक आहेत. त्यांना त्याचं शल्य नव्हतं. अनेकदा ते आपल्याच संघाच्या सामन्यात पंच म्हणून उभे राहत. खेळ हा चारित्र्य घडवण्यासाठी असतो, मुलांनी तो आपापल्या बुद्धीने खेळावा, बाजूला उभं राहून ओरडणाऱ्याचं तिथे काय काम, अशी त्यांची श्रद्धा होती.

त्यांच्याच संघात फॉरेस्ट ॲलन नावाचा मुलगा होता. १८८५ मध्ये मिसूरी राज्यात जन्मलेला, उंचापुरा आणि मोठ्या आवाजाचा. बेसबॉलचा पंच म्हणून त्याचा आवाज धुक्यात जहाजांना इशारा देणाऱ्या भोंग्यासारखा घुमे, म्हणून लोक त्याला ‘फॉग’ म्हणू लागले आणि तेच नाव पुढे कायम राहिलं. बेकर विद्यापीठाने या ॲलनला संघ शिकवायला बोलावलं, तेव्हा नाइस्मिथना हसू आलं. बास्केटबॉल शिकवायचा नसतो, तो नुसता खेळायचा असतो, असं त्यांनी शिष्याला सांगितलं. ॲलनने ते ऐकून घेतलं आणि तरीही तो गेला.

महाविद्यालयीन खेळाडूने प्रशिक्षक हा आयुष्याचा व्यवसाय म्हणून पत्करण्याची वाट इथे ठळक झाली. १९०७ मध्ये ॲलनने गुरूची जागा घेत कॅन्ससचा संघ हाती घेतला. दोन मोसमांनंतर तो सोडून गेला, तो ऑस्टिओपॅथी शिकायला. हाडं, सांधे, स्नायू यांवर हाताने उपचार करण्याची ती पद्धत. खेळाडू घडवायचा तर त्याचं शरीर कळायला हवं हे त्याला उमगलं होतं. पुढे वॉरेन्सबर्गच्या शिक्षक-महाविद्यालयात त्याने १९१२ ते १९१९ अशी वर्षं काढली आणि १९१९ मध्ये कॅन्ससला परतला. त्यानंतर १९५६ पर्यंत, म्हणजे सदतीस वर्षं, तो तिथून हलला नाही. आधीचे दोन मोसम धरून कॅन्ससमधल्या त्याच्या विजयांची संख्या ५९० भरते.

ॲलनचं मोठेपण या आकड्यात अर्धंच सापडतं. १९२७ मध्ये नियम समितीने ड्रिबलवर, म्हणजे चेंडूचे टप्पे पाडत पुढे जाण्यावर, एकाच टप्प्याची मर्यादा घालायचं ठरवलं. तसं झालं असतं तर खेळाचा वेग आणि सौंदर्य दोन्ही गेलं असतं. ॲलनने देशभरच्या प्रशिक्षकांना एकत्र केलं, विरोध संघटित केला आणि निर्णय मागे घ्यायला लावला. त्या लढ्यातून बास्केटबॉल प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना जन्मली. शिकवणाऱ्यांचा आवाज खेळाच्या कारभारात पोहोचला तो असा.

त्याच्या हाताखालून गेलेल्या मुलांकडे पाहिलं की मन थक्क होतं. ॲडॉल्फ रप आणि डीन स्मिथ हे दोघे कॅन्ससचे राखीव खेळाडू. सामन्यात त्यांचा बराचसा वेळ बाकावर जाई. पण बाकावर बसणारा जे पाहतो ते मैदानात धावणाऱ्याला दिसत नाही. रप यांनी केंटकी विद्यापीठात ८७६ सामने जिंकले आणि स्मिथ यांनी नॉर्थ कॅरोलायनात ८७९. १९५२ साली ॲलनचा संघ अमेरिकेचा महाविद्यालयीन विजेता ठरला. त्यातले सात खेळाडू त्याच वर्षी हेलसिंकीला ऑलिंपिकचं सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात होते. खेळाडू म्हणून मागे राहिलेला माणूस शिक्षक म्हणून पिढ्या घडवू शकतो, हा धडा आपल्या महाविद्यालयांनी भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. सत्तरीच्या नियमानुसार १९५६ मध्ये ॲलनला निवृत्त व्हावं लागलं. आज कॅन्ससचं क्रीडागृह त्याच्या नावाने आहे आणि ज्या रस्त्यावर ते उभं आहे त्या रस्त्याला नाइस्मिथ यांचं नाव आहे.

ज्याला खेळूच दिलं नाही

याच कॅन्ससमध्ये १९३३ साली जॉन मॅकलेंडन नावाचा कृष्णवर्णीय विद्यार्थी दाखल झाला. त्याला शारीरिक शिक्षणाचा शिक्षक व्हायचं होतं. विद्यापीठाने वर्गात जागा दिली, पण संघाची दारं त्याच्या रंगामुळे बंद होती. नाइस्मिथ तेव्हा सत्तरीच्या घरात होते. त्यांनी त्याला जवळ केलं, मार्गदर्शन केलं, शिकवण्याचा सराव मिळवून दिला. मॅकलेंडन विद्यापीठाच्या संघाकडून एकही सामना खेळला नाही. तरी खेळाच्या जनकाकडून थेट विद्या घेऊन तो १९३६ मध्ये पदवीधर झाला.

नंतर तो नॉर्थ कॅरोलायनातल्या कृष्णवर्णीयांच्या एका महाविद्यालयात प्रशिक्षक झाला आणि वेगवान, सतत धावता बास्केटबॉल शिकवू लागला. १२ मार्च १९४४ चा रविवार. ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतल्या गोऱ्या खेळाडूंचा संघ गुपचूप त्याच्या व्यायामशाळेत आला. दारं आतून कड्या लावून बंद केली गेली, कारण गोऱ्यांनी आणि काळ्यांनी एकत्र खेळणं तिथे कायद्याला आणि समाजाला मान्य नव्हतं. मॅकलेंडनच्या मुलांनी ८८-४४ असा विजय मिळवला. त्यानंतर दोन्ही संघांतले खेळाडू मिसळून पुन्हा एक सामना खेळले. पुढे टेनेसी राज्यातल्या महाविद्यालयाला त्याने १९५७ ते १९५९ अशी लागोपाठ तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली.

हे वाचताना महाराष्ट्राच्या माणसाला क्रिकेटपटू पालवणकर बाळू आठवल्याशिवाय राहत नाहीत. गोलंदाजीने हिंदू संघाला सामने जिंकून देणारे बाळू यांना जातीमुळे चहाच्या वेळी मंडपाबाहेर वेगळ्या भांड्यातून चहा घ्यावा लागे. कर्णधारपद त्यांना अखेरपर्यंत मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळालं. खेळाचं मैदान सगळ्यांचं असतं हे वाक्य बोलायला सोपं आहे. ते खरं करून दाखवावं लागतं आणि ते काम बहुधा शिकवणाऱ्याच्याच वाट्याला येतं. नाइस्मिथनी एका मुलाला दार उघडलं; त्या मुलाने पुढे शेकडोंना.

मद्रासची शाळा

पॅटनने १८९४ मध्ये आणलेलं बी भारतात मुळं धरायला पुढची पिढी लागली. ते काम केलं हॅरी क्रो बक यांनी. तेही स्प्रिंगफील्डच्याच शाळेतून शिकलेले. १९१९ मध्ये ते भारतात आले आणि १९२० मध्ये त्यांनी मद्रासला वायएमसीएची शारीरिक शिक्षणाची शाळा काढली. शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय म्हणून भारतातली ही पहिली संस्था. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला भारतीय पथक गेलं त्याचे व्यवस्थापक बक होते. १९४३ मध्ये ते गेले. त्यांची संस्था आजही चेन्नईत उभी आहे.

बक यांच्या शाळेचं वैशिष्ट्य हे की तिथे खेळाडूपेक्षा शिक्षक घडवण्याला महत्त्व होतं. तिथून शिकून गेलेले तरुण संस्थानांत, सरकारी शाळांत, मिशनच्या विद्यालयांत पोहोचले आणि बरोबर बास्केटबॉल व व्हॉलीबॉल घेऊन गेले. १९३४ मध्ये दिल्लीत पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. १९५० मध्ये भारतीय बास्केटबॉल महासंघ स्थापन झाला. मुंबईत नागपाड्यासारख्या दाट वस्तीत, अमेरिकन मराठी मिशनने १९२० च्या दशकात सुरू केलेल्या नेबरहूड हाउसच्या परिसरात हा खेळ गल्लीत रुजला. तिथल्या अब्बास मुन्तसिर यांनी भारताचं कर्णधारपद भूषवलं आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवला. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये भारताचा पुरुष संघ खेळला. ऑलिंपिकच्या बास्केटबॉलमध्ये भारत उतरला तो तेवढाच.

बर्लिन, १९३६

आता वऱ्हाडाकडे येऊ. निजामाकडून १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आलेला हा मुलूख. अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलढाणा हे त्याचे जिल्हे. कापसाचा पैसा, राष्ट्रीय शाळांची चळवळ आणि तालमींची परंपरा इथे एकत्र नांदत होती. १९१४ मध्ये अमरावतीला अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. नावातला ‘प्रसारक’ हा शब्द नेमका आहे. आखाडा काढून आपल्यापुरते पैलवान तयार करणं हा हेतू नव्हता. व्यायाम गावोगावी नेणारी माणसं घडवायची, हे ब्रीद होतं. मद्रासला बक जे करू पाहत होते तेच काम सहा वर्षं आधी, परक्या मदतीशिवाय, आपल्या मातीतल्या साधनांनी अमरावतीत सुरू झालं होतं.

१९३६ च्या ऑगस्टमध्ये हे दोन प्रवाह एकाच शहरात आले. बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलला प्रथमच स्थान मिळालं होतं. त्यासाठी वर्षानुवर्षं धडपडणाऱ्यांत ॲलन आघाडीवर होता. पंचाहत्तरीला टेकलेल्या नाइस्मिथना तिकडे जाण्याइतके पैसे नव्हते. तेव्हा प्रशिक्षकांच्या संघटनेने सामन्यांच्या तिकिटांमागे एक-एक सेंट काढून त्यांच्या प्रवासाचा निधी जमवला. शिकवायची गरज नाही म्हणणाऱ्या गुरूला शिकवणाऱ्यांनीच वर्गणी काढून बर्लिनला पाठवलं. एस्टोनिया आणि फ्रान्स यांच्यातल्या पहिल्या सामन्याचा चेंडू नाइस्मिथ यांनी उडवला. सामने उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या कोर्टांवर होते. १४ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात पाऊस कोसळला, मैदानाचा चिखल झाला, चेंडूचे टप्पे पाडणं अशक्य झालं आणि अमेरिकेने कॅनडाला १९-८ असं हरवलं. पदकं नाइस्मिथ यांच्या हस्ते दिली गेली.

त्याच ऑलिंपिकच्या निमित्ताने डॉ. सिद्धनाथ काणे यांच्या नेतृत्वाखाली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिनला गेलं होतं. मल्लखांब, लेझीम, कबड्डी अशा देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं या वऱ्हाडी मंडळींनी जगापुढे केली. कबड्डी आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर दिसली ती इथे. देश पारतंत्र्यात होता, हिंदुस्थानचा स्वतःचा झेंडा नव्हता, पण अमरावतीची मुलं आपल्या खेळाची ओळख करून देत होती. एकीकडे पंचेचाळीस वर्षांपूर्वी एका वर्गात जन्मलेला खेळ ऑलिंपिकपर्यंत पोहोचल्याचं त्याचा निर्माता पाहत होता. दुसरीकडे शतकानुशतकं गावच्या मातीत रुजलेले खेळ त्याच दरवाजावर थाप देत होते. कबड्डीला आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ होण्यासाठी १९९० च्या बीजिंगपर्यंत थांबावं लागलं.

एवढं अंतर का पडलं? कारणं अनेक आहेत. पारतंत्र्य, पैसा, प्रसारमाध्यमं. पण या इतिहासात एक कारण ठळक दिसतं. बास्केटबॉलकडे पहिल्या दिवसापासून शिक्षक तयार करणारी शाळा होती, छापील नियम होते आणि शिकवणं हा मानाचा, पगारी व्यवसाय होता. आपल्याकडे वस्ताद होते. अपार विद्या असलेले, शिष्यांवर पोटच्या पोरांसारखी माया करणारे. पण त्यांची विद्या बहुधा तालमीच्या उंबऱ्याच्या आत राहिली आणि त्यांच्यामागे पुष्कळदा तीही गेली. अमरावतीच्या मंडळाचं ऐतिहासिक मोठेपण हेच की त्याने वस्तादाला शिक्षकाची पदवी आणि अभ्यासक्रम दिला. १९६७ मध्ये तिथे शारीरिक शिक्षणाचं पदवी महाविद्यालय सुरू झालं. पश्चिम विदर्भातल्या शाळांमध्ये शिट्टी गळ्यात घालून उभे राहिलेले कितीतरी क्रीडाशिक्षक याच आवारातून बाहेर पडले आहेत. ज्यांना आपण सगळे ‘पीटीचे सर’ म्हणत मोठे झालो, त्यांच्या मागे ही एवढी परंपरा आहे.

देशाने शिकवणाऱ्याची दखल उशिरा घेतली. खेळाडूंसाठी अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार यायला १९८५ साल उजाडलं. मधे चोवीस वर्षं गेली. पहिल्या वर्षीच्या मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते, ही महाराष्ट्राला अभिमानाची गोष्ट.

बुलढाण्याचा धडा

बुलढाण्याला लोणारचं सरोवर आहे, सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान आहे, शेगावला संतांची गादी आहे. खेळाच्या नकाशावर मात्र या जिल्ह्याचं नाव फार काळ नव्हतं. ते उमटलं तिरंदाजीने. २०२३ च्या मे महिन्यात शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने जगातला अव्वल मानला जाणारा नेदरलँड्सचा माइक श्लोसर याला १४९-१४८ असं हरवून सुवर्णपदक मिळवलं. कंपाउंड प्रकारात ५० मीटरवरून पंधरा बाण सोडायचे असतात, प्रत्येकी जास्तीत जास्त दहा गुण. म्हणजे दीडशेपैकी एकच गुण त्या एकोणीस वर्षांच्या मुलाने गमावला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा, नागपूरचा ओजस देवतळे आणि प्रथमेश या तिघांनी दक्षिण कोरियाला २३५-२३० असं नमवून सांघिक सुवर्ण जिंकलं.

मोठ्या शहरांच्या सोयी नसलेल्या जिल्ह्यातून हा मुलगा कसा आला? उत्तर पुन्हा तेच आहे. बुलढाण्यात पोलीस दलातले चंद्रकांत इलग तिरंदाजी शिकवत होते. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली घडलेल्या पोलीस दलातल्या मोनाली जाधव यांनी २०१९ मध्ये चीनमधल्या चेंगडू इथल्या जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक पटकावलं होतं. आधी माणूस आला, मग मुलं आली, मग पदकं आली. मैदान आणि साहित्य मोलाचं आहेच, पण क्रम असाच असतो. साताऱ्याकडे पाहिलं तरी हेच दिसतं. २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक विजेती ठरलेली आदिती स्वामी प्रवीण सावंत या शिक्षकाकडे शिकली. तेही पोलीस दलातलेच. आपापली नोकरी करून उरलेल्या वेळात मुलं घडवणाऱ्या या माणसांच्या खांद्यावर महाराष्ट्राचं नाव जगात गेलं.

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत बुलढाणा, खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर इथली मुलंमुली दरवर्षी उतरतात. बास्केटबॉल, कबड्डी, खो-खो, ॲथलेटिक्स. त्यातली फार थोडी देशाकडून खेळतील. उरलेल्यांचा खेळ पदवीबरोबर संपतो, जर्सी कपाटात जाते आणि चार-पाच वर्षांत अंगात मुरवलेली विद्या कोणालाही न देता विरून जाते. खरं नुकसान इथे होतं. रप आणि स्मिथ यांच्यासारखे राखीव खेळाडू आपल्या महाविद्यालयांच्या बाकांवरही बसलेले आहेत. शिकवणं हीसुद्धा कारकीर्द असते, असं त्यांना कोणी सांगत नाही, आणि सांगितलं तर त्यावर घर चालेल अशी जागा त्यांना दिसत नाही.

म्हणून या इतिहासातून निघणारं काम सरळ आहे. शाळेतली क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी राहू देऊ नये; गणिताच्या शिक्षकाइतकीच ती गरजेची मानावी. महाविद्यालयाच्या संघात खेळलेल्या प्रत्येक मुलामुलीला पदवीनंतर जवळच्या शाळेत संध्याकाळचा एक तास शिकवायला बोलवावं आणि त्याचं योग्य मानधन द्यावं. जिल्हा क्रीडा संकुलाच्या फलकावर पदकविजेत्याच्या नावाशेजारी त्याला पहिल्यांदा शिकवणाऱ्याचं नाव लिहावं. बास्केटबॉल हा अठरा विद्यार्थ्यांचा खेळ होता. ते शिकवायला निघाले म्हणून तो साऱ्या जगाचा झाला. वऱ्हाडाने हे १९१४ मध्येच ओळखलं होतं; आता ते प्रत्येक तालुक्यात उतरवायचं आहे.